खाडीतली विशेष सर्वसाधारण सभा

तमाम वाचकांस, आणि विशेषतः माझ्या दादर-गिरगावातल्या नातेवाइकांस, अत्यंत गांभीर्याने जाहीर करण्यात येते की, नवी मुंबईत पाहण्यासारखे निसर्गरम्य ठिकाण एकही नाही हे त्यांचे मत मी नव्वदच्या दशकात, भर खाडीत, नखशिखान्त चिखलाने माखून खोडून काढलेले आहे. सदर निवेदनाची नोंद घ्यावी आणि यंदा फराळाला आल्यावर तो विषय पुन्हा काढू नये.

माझा धंदा होता लोकांना नवी मुंबई दाखवण्याचा. हसा. सगळेच हसले होते. एक मिनिबस, एक घरघरणारा माईक आणि मी, असा आमचा सगळा पसारा. पावसाळ्यात खारघरचा धबधबा, हिवाळ्यात पारसिकचा डोंगर, संध्याकाळी वाशीची खाडी आणि फेब्रुवारी-मार्चात सारसोळ्याच्या जेटीवरून होडीतून रोहित पक्षी. रोहित म्हणजे फ्लेमिंगो. माईकवर मी 'अग्निपंख' म्हणायचो, लोक लगेच सावरून बसायचे.

गिऱ्हाइकं एकेक नमुने असत. एका गृहस्थांनी खारघरच्या डोंगराकडे बघून मला विचारलं होतं, "छान आहे, पण हा पाडणार कधी?" दुसऱ्या एकांना रोहित पुरेसे गुलाबी वाटले नाहीत. त्यांच्या कॅलेंडरमध्ये जास्त गुलाबी होते म्हणे. आणि पारसिकच्या माथ्यावर उभं केलं की प्रत्येक बाई, प्रत्येक बुवा पहिल्यांदा काय शोधायचा? आपली बिल्डिंग. सूर्यास्त मागे, खाडी पुढे, आणि आमचा प्रवासी ओरडतोय, "ती बघ, आपली गच्ची! पापडांवर कावळे बसलेत गं!" घर दिसलं की माणसाला वाटतं, आपण तिथेच आहोत. हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे ते एका माणसाच्या जिवावर आलं.

आता धंद्यातली एकच गोष्ट समजून घ्या. किल्ला सकाळी बघा नाहीतर दुपारी, तो जागचा हलत नाही. खाडी हलते. भरतीला सगळीकडे पाणी असतं, पक्षी कुठेतरी लांब तिवरांच्या झाडीपाशी बसलेले. ओहोटी लागली की पाण्यातून चिखलाची पाठ वर येते आणि तिच्यावर पक्षी उतरतात खायला. बघण्यासारखं काय ते तेव्हाच. पण त्याच वेळी होडीखालचं पाणीही चाललेलं असतं. म्हणजे तमाशा रंगात आला की थिएटर सोडायचं, असा हा उलटा धंदा. कधी सोडायचं ते आमचा नाखवा हिराजी सांगायचा. हिराजी सारसोळ्याचा कोळी, होडी त्याची. बोलायचा कमी, आणि बोलायचा तेव्हा पाण्याकडे बघून.

एके दिवशी माझ्याकडे मुकादमभाई आले. मूळचे उरणकडचे, नेरूळच्या एका सोसायटीचे सेक्रेटरी, देहाने भारदस्त, कमरेला पेजर. म्हणाले, "तुमच्या होडीवर मीटिंग घ्यायची आहे."

"कसली मीटिंग?"

"सोसायटीची. विशेष सर्वसाधारण सभा. गच्चीवर बोलावली की अर्धे येत नाहीत, जे येतात ते भांडून मधेच उठून जातात. कोरम तुटतो. होडीतून उठून जाणार कुठे?"

मला ही कल्पना इतकी आवडली की मी टाळीच वाजवली. सभा अधिक पक्षीदर्शन. अट एकच घातली: नाखवा निघा म्हणाला की निघायचं. मुकादमभाईंनी छातीवर हात ठेवून कबूल केलं.

तर त्या रविवारी सकाळी, भरत्या पाण्यावर आम्ही निघालो. वीसेक सभासद, इडली-चटणीचे डबे, आणि होडीच्या बाजूला बांधलेला कापडी बॅनर: 'विशेष सर्वसाधारण सभा'. विषय एकच होता. तळमजल्यावरच्या पेडणेकरांनी बिल्डिंग आणि कंपाउंडची भिंत यांच्यामधल्या पट्टीत बाग केली होती. ती काढून तिथे स्कूटर लावायच्या, असा प्रस्ताव.

पेडणेकर मूळ वेंगुर्ल्याकडचे. कापडगिरणीच्या हिशेब खात्यातून निवृत्त. जाडजूड, तांबूस चेहऱ्याचा, बोलायला लागला की गळ्याच्या शिरा फुगणारा माणूस. त्यांच्याविरुद्ध होते चेअरमन सबनीस, मूळचे साताऱ्याचे, काडीसारखे हडकुळे, प्रत्येक वाक्य टाइप केल्यासारखं बोलणारे. पेडणेकरांच्या शेजारी त्यांच्या पत्नी सुमनताई. त्या दिवसभरात एक शब्द बोलल्या नव्हत्या, हे मी आधीच सांगून ठेवतो.

आम्ही चिखलाच्या उंचवट्याजवळ नांगर टाकला. पाणी उतरू लागलं, चिखल चकाकू लागला, आणि पक्षी आले. मी माईकशिवायच सुरू केलं, "तर मंडळी, अग्निपंख—"

"एक मिनिट," सबनीस म्हणाले. "कोरम आहे तोवर विषय घेऊ. पक्षी नंतर."

आणि सभा सुरू झाली. काय सांगू तुम्हाला! पेडणेकर होडीत उभे राहिले. होडी डुगडुगली, बायका किंचाळल्या, पण ते बसेनात.

"माती बघितलीत कधी या तुमच्या नव्या मुंबईत? माती नाही इथे! मुरूम आहे, भराव आहे, खडी आहे. कुंडी भरायची म्हटली तर माती नाही! मी गावाहून आणलीय. एसटीच्या टपावर पोती घालून. कंडक्टरच्या शिव्या खाऊन! त्या मातीत सोनचाफा लागला, जास्वंद लागली, अळू लागला. आणि त्यावर तुम्ही स्कूटर उभ्या करणार?"

"पेडणेकर," सबनीस म्हणाले, "जागा सोसायटीची आहे. माती तुमची असेल तर ती आपण घेऊन जावी."

त्यावर जो गदारोळ झाला! हिराजीने मला खुणावलं. "पानी फिरलाय. निंगाला पायजे."

मी उठून सांगितलं. सबनीस म्हणाले, "मतदान होऊ द्या, लगेच निघू." मतदान कसं घ्यायचं यावर वाद झाला. हात वर करून की चिठ्ठ्या टाकून? चिठ्ठ्यांना कागद नव्हता. हिराजी पुन्हा म्हणाला, आता माझ्याकडे बघून, "आवरा तुमचा. पानी कोनाची वाट नाय बगत." मी पुन्हा सांगितलं, पण खरं सांगायचं तर इतकं रंगलेलं भांडण मी नाटकातसुद्धा पाहिलं नव्हतं.

आणि मग होडी डुगडुगायची थांबली.

पेडणेकर उभेच होते, हात हवेत होता, आणि होडी हलत नव्हती. खालून एक मऊ, ओला आवाज आला. हिराजीने बांबू खाली घातला, वर काढला, आडवा ठेवला आणि बिडी पेटवली.

"आता सांजच्या भरतीला," तो म्हणाला.

पुढचे काही तास मी विसरू शकत नाही. पाणी निघून गेलं. चारी बाजूंनी राखाडी, चकचकीत चिखल आणि मधे आमची कलती होडी. डोक्यावर ऊन, सावली नाही. इडल्या संपल्या, मग पाणी संपत आलं. मोबाइलचा जमाना नव्हता. मुकादमभाईंचा पेजर तेवढा वाजला. सगळे धावले. घरून निरोप होता: 'जेवण तयार आहे. लवकर या.'

आणि समोर, तिवरांच्या पलीकडे, उन्हात लख्ख दिसत होती त्यांची बिल्डिंग.

सभा थांबली नव्हती. ती नुसती आंबट झाली होती. कोणीतरी पुटपुटलं की हे सगळं त्या बागेमुळे. पेडणेकरांनी ते ऐकलं. ते उठले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, चपला काढल्या.

"सुमन, चपला धर."

त्यांनी धरल्या.

"मी सभात्याग करतोय," पेडणेकर म्हणाले. "ती माझी खिडकी दिसतेय. चालत जातो."

"ओ काका, नाय!" हिराजी ओरडला. "चिखल हाय तो, जमीन नाय!"

"पक्षी चालतायत की!"

आणि ते उतरले. पहिली काही पावलं खरंच गेली. वरचा थर उन्हाने जरा घट्ट झाला होता. त्यांनी वळून आमच्याकडे विजयाने पाहिलं. मग घोटे गेले. मग गुडघे. ते जोरात पाय उपसायला लागले आणि प्रत्येक उपसण्याबरोबर खाली जात राहिले. कमरेपर्यंत गेले तेव्हा कुठे थांबले. इतक्या जवळ की त्यांचा श्वास आम्हाला ऐकू येत होता.

आम्ही दोर टाकला. त्यांनी काखेखालून घेतला. मी, मुकादमभाई आणि आणखी दोघांनी ओढला. पेडणेकर असे किंचाळले की चिखलावरचे सगळे पक्षी एकदम उठले.

"थांबा!" हिराजीने दोर माझ्या हातातून हिसकावला. "कमरेचा सांधा निखळल. वडू नका."

"मग काय करायचं?"

त्याने समुद्राच्या बाजूला पाहिलं. "चिखलाने पाय धरलाय. पानी आला की चिखल सैल होतो. पानी येवं दे."

सगळ्यांनी एकाच वेळी तेच गणित केलं. दुपारभर आम्ही वीस माणसं डोळ्यांत प्राण आणून त्या भरतीची वाट बघत होतो. आता ती येऊ नये असं प्रत्येकाला वाटत होतं. ती आली की आम्ही सुटणार होतो आणि चिखलात रुतलेला माणूस बुडणार होता. आणि ती आल्याशिवाय तो सुटणारही नव्हता.

हिराजीने होडीच्या तळातल्या फळ्या उपटल्या. एक चिखलावर टाकली, तिच्यावर पोटावर झोपला आणि हातांनी चिखल मागे लोटत सरकत गेला, पाल भिंतीवर सरकते तसा. तिथून ओरडला, "दुसऱ्या फळीवर एक हलका मानूस पायजे! याची मान धरायला! मी खाली पायाशी जानार!"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मुकादमभाई नव्वद किलोंचे. मी तेव्हाही सडपातळ नव्हतोच. हलका माणूस संपूर्ण होडीत एकच होता.

सबनीसांनी चष्मा काढून खिशात ठेवला. मग विचार करून तो खिशातून काढून सुमनताईंकडे दिला. त्यांच्या एका हातात चपला होत्या, दुसऱ्या हातात त्यांनी चष्मा घेतला. आणि टाइप केल्यासारखं बोलणारा तो माणूस फळीवर पालथा पडला, आणि आम्ही बांबूने त्याला पुढे ढकलत राहिलो.

त्या दोघांचं बोलणं आम्हाला होडीत स्वच्छ ऐकू येत होतं. नाकाला नाक लागेल इतके ते जवळ होते.

"तुम्ही कशाला आलात?"

"वजनामुळे. मागे रेला. माझ्या हातावर डोकं ठेवा."

"माझ्या बागेवर स्कूटर लावणार तुम्ही."

"रेला म्हणतो ना!"

"तुमची स्कूटर सुरू तरी होते का हो, सबनीस? रोज सकाळी अर्धी बिल्डिंग जागी करता किक मारून."

"हनुवटी वर."

पाणी आलं ते दिसलंसुद्धा नाही. चिखलाचा रंग नुसता बदलला. मग बारीक बारीक ओहोळ सरकत आले, होडीला वळसा घालून पुढे गेले आणि त्या तिघांना मिळाले. हिराजी पेडणेकरांच्या मांडीजवळ दोन्ही हात खांद्यापर्यंत चिखलात घालून खणत होता.

"काका, पाय हलवा. वर वडू नका. नुसता हलवा, सायकल मारल्यासारका."

"हलत नाही."

"बोटां हलवा. बोटां हलतान का?"

"...हलतात."

"हलवत ऱ्हावा."

पाणी पेडणेकरांच्या छातीला लागलं. इकडे आमची होडी एका बाजूने उचलली गेली आणि तोंड फिरवून हळूहळू त्यांच्याच दिशेला वळायला लागली. एवढी जड होडी त्या तीन डोक्यांवर गेली असती तर पुढचं काही लिहायला मी बसलोच नसतो. मी आणि मुकादमभाईंनी बांबू चिखलात रोवले आणि छातीने रेटून धरले. बांबू वाकत होते. मुकादमभाई डोळे मिटून पुटपुटत होते. मी आयुष्यात पहिल्यांदाच गप्प होतो.

"सबनीस," पाणी गळ्याशी आल्यावर पेडणेकर म्हणाले. आवाज बारीक झाला होता. "सोनचाफ्याला एक दिवसाआड पाणी घालायचं. रोज नाही."

"तुम्हीच घाला."

"तुम्ही रोज एक फूल नेता. माहीत आहे मला."

"पडलेलं उचलतो."

"सोनचाफा अख्खा पडत नाही, सबनीस. पाकळ्या गळतात."

सबनीसांनी त्यांची हनुवटी आणखी वर धरली. मग म्हणाले, "देवाला लागतं. आता तोंड मिटा, पाणी जाईल."

"एक सुटला!" हिराजी ओरडला. एक पाय मोकळा झाला होता. दुसरा नव्हता. हिराजीने श्वास घेतला आणि पाण्याखाली गेला. वर आला, थुंकला, पुन्हा गेला. पेडणेकरांच्या हनुवटीवरून लाट गेली. मग ओठांवरून. सबनीसांनी त्यांचं डोकं दोन्ही हातांनी उचलून धरलं. त्याने फळी खाली दबली आणि सबनीसांचंच तोंड पाण्यात गेलं. त्यांनी ते वर काढलं नाही. वर काढायचं तर हात सोडावे लागले असते. होडीत कुणीतरी मोठ्याने रडायला लागलं. त्या सुमनताई नव्हत्या. त्या चपला आणि चष्मा छातीशी धरून उभ्या होत्या, आणि ओठ घट्ट मिटलेले होते.

हिराजी तिसऱ्यांदा खाली गेला. जरा जास्तच वेळ गेला असं मला वाटलं.

मग पाण्यातून एक मोठा बुडबुडा आला आणि पेडणेकर बूच निघावं तसे आडवे होऊन वर आले. पाठोपाठ खोकत, शिव्या देत हिराजी. आणि सबनीस, ते तर अजूनही डोकं सोडायला तयार नव्हते.

आम्ही तिघांना ओढून होडीत घेतलं, तेव्हा आम्हीही नखशिखान्त माखलो. पेडणेकरांची पँट खाडीने ठेवून घेतली होती. मुकादमभाईंनी चटकन बॅनर सोडला आणि त्यांना गुंडाळला. 'विशेष सर्वसाधारण' एवढीच अक्षरं पोटावर दिसत होती. होडी पूर्ण तरंगायला लागली होती. हिराजीने इंजिन सुरू केलं आणि काही झालंच नाही अशा थाटात जेटीकडे तोंड केलं. पलीकडे पाण्यावर ऊन तिरपं झालं होतं आणि ते सगळे पक्षी पुन्हा येऊन बसत होते, गुलाबी, कॅलेंडरपेक्षा गुलाबी. एकही माणूस तिकडे बघत नव्हता.

त्या होड्या आता राहिल्या नाहीत, माझी मिनिबसही नाही. पक्षी अजून येतात, लोक पुलावरून गाडी न थांबवता फोटो काढतात. मला वाईट वाटतं ते एवढंच की माझ्या सगळ्या धंद्यातला सगळ्यात सुंदर देखावा मी गिऱ्हाइकांना दाखवला आणि त्या दिवशी त्याकडे पाठ करून ते एका चिखलाने भरलेल्या माणसाकडे बघत बसले होते. मीसुद्धा.

तर त्या होडीत सबनीसांचे दात वाजत होते. चष्म्याशिवाय त्यांना कोण कुठे बसलंय ते दिसत नव्हतं. तरी ते होडीच्या मधोमध उभे राहिले.

"अध्यक्ष म्हणून मी मांडतो," ते म्हणाले, "की तळमजल्यावरची बाग आहे तशीच राहील. स्कूटर रस्त्यावर. बाजूने कोण?"

सगळे हात वर. मी सभासद नव्हतो, तरी माझाही. इंजिनावरून हिराजीने एक हात वर केला. पेडणेकरांनीही केला असता, पण बॅनर धरून ठेवणं जास्त गरजेचं होतं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि चिखलात दोन स्वच्छ रेघा उमटत होत्या.

सुमनताईंनी सबनीसांना चष्मा परत दिला. चपला खाली ठेवल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि नवऱ्याच्या कानात घातलं. आतून काळा गोळा निघाला. त्यांनी तो बघितला. दुसऱ्या कानातून काढला, तोही बघितला. मग भुवया, मानेची वळी, शर्टाचा खिसा. खिशातून तर ओंजळभर निघाला. तो हातात घेऊन, सकाळपासून मिटलेलं तोंड उघडून, अख्ख्या होडीला ऐकू जाईल अशा आवाजात त्या बाई म्हणाल्या,

"आणि सगळ्या सभेला ओरडून सांगत होते, नव्या मुंबईत माती नाही!"